दऱ्या आणि दर्या

मावसभावाच्या लग्नानंतर महिनाभराने मावशीचा फोन आला.

"अगं, व्हिडिओवाल्याने लग्नाची फिल्म दिली. पेनड्राईव्हवर घ्यायला गेले तर म्हणतो, फाईल फार मोठी आहे. बत्तीस जीबीचा पेनड्राईव्ह आहे, रिकामा! फिल्म आठ जीबीची. हा काय प्रकार?"

घरात एक माणूस कॉम्प्युटरवालं असलं की त्याला प्रिंटरपासून गॅसच्या ऑनलाइन बुकिंगपर्यंत सगळं विचारलं जातं. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला खरंच माहीत होतं. किंबहुना त्याच विषयात मी माझे दोन वर्षांचे शनिवार-रविवार घातले होते. मावशीला म्हटलं, "पेनड्राईव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर. आधी आतलं काही हवंय का ते बघ, सगळं पुसलं जाईल." ती म्हणाली, "आत काहीच नाहीये." मग मी आणखी एकदा विचारलं, "नक्की बघितलंस?" ती वैतागली. पण हे दोनदा विचारायची सवय मला एका चुकीमुळे लागली आहे, आणि त्या चुकीबद्दलच लिहायला बसले आहे.

आधी मावशीच्या पेनड्राईव्हचं. डिस्क असो, पेनड्राईव्ह असो की फोनमधलं कार्ड, आत असतात फक्त ओळीने लावलेले कप्पे. कुठल्या कप्प्यात कोणाचा कुठला तुकडा आहे, त्या तुकड्यांचं नाव काय, लांबी किती, शेवटचा बदल कधी, या सगळ्याची वही म्हणजे फाईल सिस्टिम. विंडोजची वही वेगळी, मॅकची वेगळी, लिनक्सची वेगळी. पेनड्राईव्ह मात्र सगळीकडे चालावा लागतो. म्हणून त्यावर बहुतेक वेळा सगळ्यांना वाचता येणारी सर्वांत जुनी वही असते. तिचं नाव फॅट, म्हणजे फाईल अलोकेशन टेबल. १९७७ साली मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅकडोनल्डने ती फ्लॉपीसाठी रचली. पुढे डिस्का वाढत गेल्या तशी ती वाढवत नेली आणि १९९६ मध्ये फॅट३२ आली. तिच्यात फाईलची लांबी लिहायला ३२ बिटांची जागा ठेवलेली आहे. त्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. तेवढे बाइट झाले की संपलं. पेनड्राईव्हमध्ये जागा असते, वहीच्या रकान्यात आकडा मावत नाही.

एक्सफॅट ही तिची २००६ मधली धाकटी बहीण. ३२ जीबीच्या वरच्या एसडी कार्डांवर सहसा तीच असते. मायक्रोसॉफ्टने तिचं तपशीलवार वर्णन २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्ये तिला रीतसर जागा मिळाली. म्हणजे एक पेनड्राईव्ह तिन्ही ठिकाणी सुखाने चालायला तेरा-चौदा वर्षं गेली. आणि चालतो तो कशामुळे? तर या वह्यांमध्ये फारसं काही लिहिताच येत नाही. फाईल कोणाच्या मालकीची, कोणी वाचायची, कोणी नाही, लिहिता लिहिता वीज गेली तर काय करायचं, यातलं जवळपास काहीच नाही. सगळ्यांशी जमतं कारण मागण्याच कमी.

मला यापेक्षा जास्त हवं होतं.

*

२०१६ च्या दिवाळीत मी दापोलीला आत्याकडे गेले होते. आत्या तालुक्यातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची, आता निवृत्त. तिच्या कपाटात एका चपलांच्या खोक्यात कॅसेटी होत्या. १९९४ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, तिने आजीला, म्हणजे तिच्या आईला, बोलतं करून टेप केलं होतं. आजी २००३ मध्ये गेली. कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती. कोकणातल्या हवेत तेवीस वेळा पावसाळा पाहिलेल्या कॅसेटीचं जे होतं तेच.

आजीचं आयुष्य दोन भागांत होतं. माहेर घाटावर, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या मधल्या एका वाडीत. सासर खाली समुद्राकाठी. लग्न होऊन ती खाली आली आणि दहाएक वर्षांनी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, कोयनेच्या धरणाचं पाणी चढत गेलं. तिची वाडी त्यात गेली. माणसं उठून वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेली. त्या वाडीचा फोटो आमच्याकडे कोणाकडेच नाही. होती ती आजीची आठवण आणि ती टेप केलेली कॅसेट.

मी पुण्याहून डेक नेला होता. पाच दिवस आम्ही दोघी एकेक कॅसेट लावून माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर घेत होतो. काही टेप एकदाच वाजतील अशा अवस्थेत होत्या. डेकच्या हेडवर तपकिरी भुगा जमायचा, तो मी कापसाने पुसायचे. एकूण ११३ फायली झाल्या. नावं आत्याने दिली. ती नाव फोनवर टाइप करून मला पाठवायची आणि मी ते जसंच्या तसं चिकटवायचे. मास्तरीणबाई असल्यामुळे नावं म्हणजे जवळपास वाक्यंच. 'मग पोलीसपाटलाने काय केलं?' असं प्रश्नचिन्हासकट एका फाईलचं नाव होतं. दोन फायलींची नावं मात्र एकेका शब्दाची होती. माहेरच्या डोंगरांची आठवण, एक्केचाळीस मिनिटं, तिचं नाव 'दऱ्या'. सासरच्या समुद्राची, बोटींची, वादळाची, तिचं नाव 'दर्या'.

निघताना आत्याने विचारलं, "आता कॉम्प्युटरमध्ये नीट आहे ना सगळं? मग ह्या टाकू? बुरशीने मला शिंका येतात."

मी म्हटलं, "टाक."

*

या ११३ फायली आत्याच्या घरात विंडोजवर ऐकायच्या होत्या, चुलतभावाच्या मॅकवर, माझ्या लिनक्सवर आणि पुढे कोणाच्या कशावर कोण जाणे. दर वेळी कॉपी केली की काहीतरी बिघडायचं. प्रश्नचिन्हाचं नाव विंडोज घ्यायचंच नाही, कारण तिथे फाईलच्या नावात ? * : " < > | ही चिन्हं आणि दोन्हीकडच्या तिरक्या रेघा चालत नाहीत. पेनड्राईव्हवरून परत आणल्या की तारखा सरकायच्या. म्हणून २०१८ मध्ये मी स्वतःचीच एक छोटी फाईल सिस्टिम लिहायला घेतली. तिन्हीकडे सारखी चालणारी. नाव ठेवलं 'गाठोडं'.

हे वाटतं तितकं अचाट काम नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सन मायक्रोसिस्टिम्समधल्या लोकांनी कर्नल आणि फाईल सिस्टिम यांच्यात एक ठरलेली खिडकी बसवली. वरून येणारी मागणी एकाच तऱ्हेची: उघड, वाच, लिही, नाव बदल, यादी दे. खिडकीच्या आत कोण बसलंय, स्थानिक डिस्क की नेटवर्कवरचं दुसरं मशीन, हे वरच्याला कळायची गरज नाही. २००५ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये फ्यूज आलं आणि त्या खिडकीच्या आत एखादा साधा प्रोग्रॅमही बसू शकेल अशी सोय झाली. म्हणजे कर्नलला हात न लावता माझ्यासारखी व्यक्ती घरी बसून फाईल सिस्टिम लिहू शकते. मॅकवर मॅकफ्यूज आहे, विंडोजवर विनएफएसपी आहे. तिन्हींसाठी थोडा थोडा वेगळा कोड, आत गाभा एकच. असं माझं गणित.

गाभा एकच ठेवणं किती अवघड आहे ते नंतर कळलं. प्रत्येक सिस्टिमचा स्वतःचा शक असतो. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. विंडोजची एनटीएफएस १६०१ पासून, तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. मॅकची जुनी एचएफएस प्लस १९०४ पासून. फॅट १९८० पासून, आणि फाईल शेवटची कधी बदलली ते दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत. आपल्याला शालिवाहन शकातून इसवी सनात जायला ७८ मिळवले की झालं. इथे बेरीज-वजाबाकी करूनही दोन सेकंदांमधलं जे गेलं ते गेलं. माझा सिंक प्रोग्रॅम पेनड्राईव्हवरची प्रत्येक दुसरी फाईल 'बदलली आहे' म्हणून पुन्हा कॉपी करायचा, त्याचं कारण हे.

फाईल पुसण्याचंही तसंच. लिनक्सवर किंवा मॅकवर कोणी फाईल उघडून बसलं असेल तरी तुम्ही ती पुसू शकता. नाव यादीतून लगेच जातं, पण ऐकणाऱ्याचं ऐकणं संपेपर्यंत आतला मजकूर राहतो. विंडोजवर सहसा सांगितलं जातं, फाईल वापरात आहे, थांबा. यातलं बरोबर कोणतं? दोन्ही. पण दोन्हींसाठी एकच गाभा लिहायचा तर कुठल्या तरी एका घरची रीत मोडावी लागते किंवा दोन्ही रीती सांभाळणारं तिसरं काहीतरी करावं लागतं.

आणि नावं. नावांचा विचार मी सर्वांत कमी केला, कारण तो भाग मला सर्वांत सोपा वाटला होता.

*

फाईलच्या नावाबद्दल या सिस्टिमांची मतं मुळातूनच वेगळी आहेत. लिनक्ससाठी नाव म्हणजे बाइटांची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. ते मराठी आहे की काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मर्यादा बहुतेक ठिकाणी २५५ बाइटांची. विंडोजलाही मर्यादा २५५ चीच, पण ती बाइटांची नव्हे, यूटीएफ-१६ च्या एककांची. इंग्रजी नावाला दोन्ही सारखंच. मराठीला नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'क्षत्रिय' हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द आठ चिन्हांचा आणि चोवीस बाइटांचा होतो. म्हणजे लिनक्सवर मराठी नाव पंच्याऐंशी चिन्हांत संपवायला हवं. आत्याची दोन-तीन वाक्यं याच कारणाने मधेच तुटली होती.

यावर अनुभवी लोकांचा सल्ला एकच असतो. युनिक्सच्या पॉझिक्स या मानकात नावासाठी सगळीकडे चालणाऱ्या चिन्हांची यादीच दिली आहे: इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं, दहा अंक, टिंब, खालची रेघ आणि आडवी रेघ. एकूण पासष्ट चिन्हं. तेवढ्यात लिहा, कुठेही अडणार नाही. सल्ला चुकीचा नाही. मी ऑफिसात तोच देते. पण त्या पासष्टांत आपलं एकही अक्षर नाही. आत्याला सांगायचं का, की तुझ्या आईच्या आठवणींना नावं ठेव, पण रोमनमध्ये ठेव? मला ते जमेना. म्हणून गाठोड्यात मराठी नावं जशीच्या तशी राहतील असं मी ठरवलं आणि त्या ठरवण्याचा मला अभिमान होता.

पहिल्या आवृत्तीत मी एक आळस केला. गाठोड्यातली प्रत्येक फाईल मी खालच्या डिस्कवर त्याच नावाने ठेवत होते. म्हणजे 'दर्या' मागितली की खालच्या डिस्कवरची 'दर्या' उघडून द्यायची. सोपं. २०१९ मध्ये मी सगळ्या फायली माझ्या प्रोग्रॅमने एका एक्स्टर्नल डिस्कवर नेल्या. ती डिस्क जुन्या मॅकसाठी एचएफएस प्लसमध्ये फॉरमॅट केलेली होती. शेवटी प्रोग्रॅमने छापलं: ११३ फायली, ० चुका. मी लॅपटॉप पुसून त्यावर नवीन लिनक्स टाकलं.

आठ महिन्यांनी आत्याचा फोन आला. "अगं, त्या दऱ्यांच्या टेपमध्ये समुद्राचंच बोलणं येतंय."

*

यादीत फायली ११२ होत्या. 'दऱ्या' या नावाची एकच, आणि ती उघडली की आजी बोटींबद्दल बोलत होती.

काय झालं ते कळायला मला दोन रात्री लागल्या. मराठीत हा अर्धा र दोन प्रकारचा आहे हे आपण शाळेत शिकतो: एक डोक्यावरचा रफार, एक आडवा, पापणीसारखा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे उदाहरण आत्यानेच मला चौथीत दिलं होतं. पण कॉम्प्युटरमध्ये तो आडवा र लिहायच्या दोन रीती आहेत. एक, ऱ हे वेगळं अक्षर वापरून. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. आता हे दोन शब्द बघा: दऱ्या, दर्‍या. तुमच्या फोनवर बहुधा ते अगदी सारखे दिसत असतील. आत ते वेगळे आहेत. आत्याच्या फोनच्या कीबोर्डने दुसरी रीत वापरली होती.

म्हणजे तिच्या दोन नावांमधला फरक एवढाच होता: एकात ते न दिसणारं जोडचिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. आणि एचएफएस प्लस नावांची तुलना करताना काही न दिसणारी चिन्हं सोडून देते. त्या यादीत हे जोडचिन्हही आहे. ही काही लपवलेली गोष्ट नव्हती. अॅपलच्या तांत्रिक टिपणात तुलनेचा पूर्ण तक्ताच छापलेला आहे. ज्यांनी तो बनवला त्यांचा हेतूही समजण्यासारखा आहे: डोळ्याला सारखी दिसणारी दोन वेगळी नावं एका फोल्डरमध्ये नसावीत, त्याने माणसं फसतात. २०१४ मध्ये गिटला याच गोष्टीमुळे तातडीने सुधारणा काढावी लागली होती, कारण न दिसणारं चिन्ह मधे घालून कोणीतरी 'डॉट गिट' या राखीव फोल्डरवरच लिहू शकलं असतं. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. इंग्रजीपुरती.

मराठीत तेच चिन्ह शोभेचं नाही, अर्थाचं आहे. ते काढलं की डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो. माझ्या प्रोग्रॅमने आधी दऱ्या लिहिली. मग दर्या लिहायला सांगितलं तेव्हा खालच्या डिस्कला वाटलं ही तीच फाईल, आणि माझ्या कोडमध्ये 'असेल तर रिकामी करून पुन्हा लिही' अशी सूचना होती. 'असेल तर थांब' अशी सूचना द्यायला एक शब्द पुरेसा होता. मी दिला नव्हता. ११३ वेळा लिहिलं, एकदाही चूक आली नाही, म्हणून ० चुका. शेवटी किती फायली उरल्या हे मोजायचं मला सुचलंच नाही.

लॅपटॉपची जुनी डिस्क एसएसडी होती आणि त्यावर नवीन सिस्टिम बसून आठ महिने झाले होते. तिच्यातून काही परत येण्याची शक्यता नव्हती. तरी मी प्रयत्न केला. आलं नाही.

*

आत्याला फोनवर सांगायचा धीर झाला नाही. मी दापोलीला गेले. चहा झाल्यावर सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे कुठली राहिली?"

"दर्या."

"ती तर मला पाठ आहे," आत्या म्हणाली. "समुद्राचं सगळं मीही बघितलंय. दऱ्यांचं मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून तर टेप केलं होतं."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती उठून वाटाण्याच्या शेंगा घेऊन आली आणि आम्ही दोघी बराच वेळ शेंगा सोलत बसलो.

तीन मिनिटं मिळाली. २०१७ मध्ये मी घरच्या ग्रुपवर त्या टेपमधला एक तुकडा टाकला होता, हे चुलतबहिणीच्या लक्षात होतं. तिच्या जुन्या फोनमध्ये तो निघाला. पाठवताना त्याचं नाव पुसलं जाऊन तारखेचं आणि क्रमांकाचं काहीतरी झालं होतं. आत्याने दिलेलं नाव गेलं म्हणून ती फाईल वाचली होती. त्यात आजी सांगते, की नदीला पूर आला की पलीकडच्या वाडीला निरोप ओरडून द्यायचे, आणि कसा ते ओरडून दाखवते. टेपरेकॉर्डरच्या मायक्रोफोनला ते झेपलेलं नाही. आवाज फाटतो. मग आजी हसते.

बाकीची अडतीस मिनिटं नाहीत. आत्याला त्यातलं जे आठवलं ते तिने नंतर सांगितलं आणि मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. सव्वीस मिनिटं झाली. तिच्या मधूनमधून "असं आई म्हणायची" येतं.

*

गाठोड्याचा तो भाग मी काढून टाकला आणि पुन्हा लिहिला. आता खालच्या डिस्कला नावं कळतच नाहीत. तिला फक्त क्रमांक दिसतात: सतरा, अठरा, एकोणीस. नावं गाठोड्याच्या आतल्या तक्त्यात असतात, ज्या बाइटांत आली त्याच बाइटांत. मॅकवरचे बरेच प्रोग्रॅम ऱ हे अक्षर फोडून र आणि खाली नुक्ता असं पाठवतात. युनिकोडच्या नियमाने ते दोन्ही एकच. म्हणून शोधताना मी दोन्ही एका रूपात आणून तुलना करते, पण साठवताना हात लावत नाही. न दिसणारं जोडचिन्ह मात्र कधीही गाळत नाही. त्यामुळे दिसायला तंतोतंत सारख्या दोन फायली शेजारी शेजारी येऊ शकतात. कोणी गोंधळेल. गोंधळलेल्या माणसाला दोन्ही उघडून ऐकता येतात.

विंडोजवर प्रश्नचिन्ह जात नाही, तर तिथे पोलीसपाटलाच्या फाईलला एक रुंद, वेगळं प्रश्नचिन्ह दिसतं. लिनक्सवर आणलं की मूळचं परत येतं. नाव मावत नसेल तर गाठोडं ते कापत नाही. नाही म्हणतं, आणि का ते मराठीत सांगतं. आधीच्या आवृत्तीत मला वाटायचं की चांगली फाईल सिस्टिम कधी नाही म्हणत नाही, सगळं कसंबसं सांभाळून घेते. आता माझ्या कोडमध्ये नकार देणाऱ्या ओळी सर्वांत जास्त आहेत. कॉपी झाल्यावर तो प्रत्येक फाईल पुन्हा वाचतो, मूळ फाईलशी पडताळतो आणि शेवटी मोजतो. दुप्पट वेळ लागतो. लागू दे.

कोड बदलला की आपोआप चाचण्या चालतात. त्यातली पहिली अशी: एका फोल्डरमध्ये तीन फायली करायच्या. ऱ वापरून लिहिलेली दऱ्या, जोडचिन्हाची दर्‍या आणि दर्या. तिन्हींत वेगवेगळा मजकूर. मग गाठोडं बंद करायचं, दुसऱ्या सिस्टिमवर उघडायचं आणि तिन्ही वाचायच्या. असं तिन्ही सिस्टिमांच्या सगळ्या जोड्यांवर. चाचणीत लोक सहसा 'एबीसी' वगैरे काहीही भरतात. मी जोडचिन्हाच्या फाईलमध्ये आजीची ती तीन मिनिटं ठेवली आहेत.

गेल्या दिवाळीत आत्याच्या सव्वीस मिनिटांना नाव द्यायचं राहिलं होतं. ती फोन हातात घेऊन बसली. 'दऱ्या' हेच ठेवायचं ठरलं, पुढे कंसात स्वतःचं नाव. टाइप करता करता थांबली.

"कुठला र घालू गं? तुझ्या त्या मशीनला चालेल तो सांग."

"तुला येतो तो घाल," मी म्हटलं.